कॉलेज छोटं की युनिव्हर्सिटी मोठी? आधी विचारा, तुमचं काम कोण वाचणार

आजचा भाग बारावीनंतर थेट अमेरिकेत शिकायला निघालेल्यांसाठी, आणि त्यांच्या आई-बाबांसाठीसुद्धा. एप्रिलमध्ये ऑफर हातात असतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत हो की नाही ते कळवायचं असतं. तेव्हा घरोघरी एकच वाद पेटतो. एका बाजूला मिशिगनसारखी अवाढव्य युनिव्हर्सिटी, दुसऱ्या बाजूला विल्यम्स, स्वार्थमोर किंवा ग्रिनेल, म्हणजे नातेवाइकांपैकी कुणीच नाव न ऐकलेलं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज. मग वाक्य येतंच, 'एवढे पैसे भरून कॉलेजात कशाला? युनिव्हर्सिटीतच जा ना!'

यात दोन शब्दांचा घोळ आहे, तो आधी सोडवू. आपल्याकडे फर्ग्युसनमध्ये शिकलात तरी डिग्री पुणे विद्यापीठाची. म्हणून डोक्यात बसलंय की विद्यापीठ वर, कॉलेज खाली. तिकडे तसं नसतं. १७९३ मध्ये सुरू झालेलं विल्यम्स कॉलेज आपली डिग्री आपणच देतं. दुसरा शब्द 'आर्ट्स'. हे आपलं अकरावी-बारावीचं आर्ट्स नव्हे. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर सायन्स, सगळं शिकवतात. स्वार्थमोरमध्ये तर इंजिनिअरिंगचीही डिग्री मिळते.

मग ही कॉलेजं जागतिक रँकिंगमध्ये का दिसत नाहीत? कारण त्या याद्यांमध्ये रिसर्चला मोठं वजन असतं, आणि ही कॉलेजं मुख्यतः पदवीचं शिक्षण देतात. क्रिकेटच्या यादीत विश्वनाथन आनंद शोधण्यासारखं आहे ते.

आता माझा मुद्दा. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. बीटेकमध्ये आमची प्रॅक्टिकल म्हणजे फाइलवर सही आणि पाच मिनिटांची व्हायवा. माझा कोड कुणी ओळ न् ओळ वाचून 'हे असं का लिहिलंस?' असं विचारलं, ते नोकरीत, कोड रिव्ह्यूमध्ये. खरं शिकणं तिथे झालं. त्यामुळे मी दोन्ही ठिकाणांना एकच प्रश्न लावते: पहिल्या दोन वर्षांत तुमचं काम कोण वाचणार?

विल्यम्समध्ये ट्युटोरियल नावाचा प्रकार आहे. दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. या आठवड्यात तुम्ही लिहायचं आणि दुसऱ्यानं त्यातल्या चुका काढायच्या, पुढच्या आठवड्यात उलट. लपायला जागाच नाही. याउलट बर्कलीचा सीएस ६१ए हा पहिला प्रोग्रामिंगचा कोर्स घ्या. एका सेमिस्टरला हजाराच्या वर मुलं असतात. शिकवणं उत्तम, मटेरियल तर जगभरातले लोक वापरतात. पण शंका विचारायची ती असिस्टंटला, आणि तो बऱ्याचदा तुमच्याहून दोन वर्षं पुढचा विद्यार्थीच असतो. हे वाईट आहे असं नाही. फक्त प्राध्यापकाला तुमचं नाव कळावं यासाठी तुम्हालाच दार ठोठवावं लागतं.

आणि ते नाव कळणं का महत्त्वाचं? पुढे मास्टर्स किंवा पीएचडीला शिफारसपत्र लागतं. छोट्या कॉलेजात पीएचडीचे विद्यार्थी जवळजवळ नसतातच, त्यामुळे प्राध्यापकाच्या लॅबमध्ये हात पदवीच्या मुलांचेच. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक, रॉबर्ट नॉइस, १९४९ मध्ये ग्रिनेलमधून पदवीधर झाले. ट्रान्झिस्टर बनला डिसेंबर १९४७ मध्ये, आणि तो अगदी नवा असतानाच त्यांना समजावून दिला ग्रँट गेल या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी. पीएचडी मग एमआयटीत. छोट्या जागी पाया, मोठ्या जागी पुढचं काम.

आता छोट्याची दुसरी बाजू. प्राध्यापक मोजकेच, म्हणून कोर्सही मोजकेच. कंपायलर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम्स दोन वर्षांतून एकदाच होणार असेल, आणि नेमक्या त्या वर्षी सर रजेवर असतील, तर तुमचा तो विषय हुकला. मिशिगनसारख्या ठिकाणी पदवीचे कोर्स संपले तर मास्टर्सचे घेता येतात. कंपन्याही मोठ्या संख्येनं येतात. पण तिथे एक अट नीट वाचा. अनेक मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटींमध्ये कॉम्प्युटर सायन्सचा प्रवेश वेगळा असतो, आणि दुसऱ्या शाखेतून नंतर तिकडे वळणं फार अवघड. लिबरल आर्ट्समध्ये मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत ठरवता येतो.

पैशाचं तर आधी बोलायला हवं होतं, कारण इथे घर तारण ठेवायचा प्रश्न असतो. या नामांकित छोट्या कॉलेजांचा छापील खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातो. आकडा बघून पोटात गोळा येतो, पण ॲमहर्स्टसारखं कॉलेज परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना त्याची ऐपत बघत नाही, आणि प्रवेश दिला की त्यांच्या हिशोबानं जेवढी गरज ठरेल तेवढी मदत पूर्ण देतं. असं करणाऱ्या जागा थोड्याच. स्टेट युनिव्हर्सिटींमध्ये परदेशी मुलांना गरजेनुसार मदत सहसा मिळत नाही. म्हणून छापील फी नको, मदत वजा करून चार वर्षांची बेरीज समोरासमोर मांडा.

मग १ मेच्या आत तीन कामं करा. एक, गेल्या दोन वर्षांत तुमच्या विषयाचे वरचे कोर्स प्रत्यक्षात कधी झाले ते वेळापत्रकात बघा, माहितीपुस्तिकेत नाही. दोन, तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा, 'तुझं शेवटचं असाइनमेंट कोणी तपासलं?' तीन, डिग्री स्टेममध्ये धरतात का ते ऑफिसला लेखी विचारा. सध्याच्या नियमानुसार शिक्षणानंतर कामाची मुभा १२ महिने, आणि स्टेम असेल तर आणखी २४.

माझं मत विचाराल, तर विषय पक्का ठरलाय आणि अनोळखी प्राध्यापकाच्या दारात उभं राहायला लाज वाटत नाही, त्यानं मोठीकडे जावं. ज्याचं अजून ठरायचंय, किंवा जो गर्दीत मागच्या बाकावर जाऊन बसतो, त्यानं छोटं घ्यावं. पण चार वर्षांच्या बेरजेत एकीकडे मोठं कर्ज निघत असेल, तर दुसरीकडे जा. चांगला विद्यार्थी दोन्हीकडे घडतो. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.