कागद एकाचा, शिक्षा घरादाराला
(साखरा येथील बुद्धविहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी हद्दपारीवर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, साखऱ्यात बसून देशाच्या सरहद्दीची चर्चा कशाला? पण आपली माणसं ऊसतोडीला, वीटभट्टीवर, मुंबई-पुण्याला जातात. जिथं जातील तिथं ती परकीच. आणि परक्याला पहिला सवाल असतो, "कागद दाखव."

जून २०२५ मध्ये काय घडलं ते ऐका. मुंबईच्या भागात पोटासाठी आलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून पकडले गेले आणि सरहद्दीपलीकडे ढकलले गेले. बंगालच्या पोलिसांनी ते आपलेच असल्याचं कळवलं, तेव्हा त्यांना परत आणलं. त्याच महिन्यात दिल्लीत कचरा वेचणारं एक बंगाली कुटुंब उचललं. नवरा, गरोदर बायको आणि आठ वर्षांचं लेकरू. तिघांची रवानगी बांगलादेशात झाली. तिथल्या सरकारनंही त्यांना परके ठरवून तुरुंगात टाकलं. कलकत्ता उच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०२५ ला ही हद्दपारी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. अखेर ५ डिसेंबरला मायलेक परतले, पण नवरा तेव्हा पलीकडेच राहिला. संशय कागदावर होता, फाटलं मात्र घर.

बंधूंनो, कायद्याची मेख समजून घ्या. चोरीच्या खटल्यात गुन्हा सरकारनं शाबीत करायचा असतो. पण 'मी परदेशी नाही' हे ज्याचं त्यानंच शाबीत करायचं असतं. १९४६ च्या कायद्यात हेच होतं, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही हेच आहे. दुसरं असं, की १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्मानंच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याला आईबापांपैकी एक तरी नागरिक असल्याचं दाखवावं लागतं. ३ डिसेंबर २००४ पासून तर दोघांपैकी एकही बेकायदा आलेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे बापाच्या कागदात खोट निघाली की लेकरावर बालंट आलंच.

आसामात ३१ ऑगस्ट २०१९ ला जी यादी निघाली, तिच्यातून १९ लाखांवर माणसं वगळली गेली. एकाच घरातली काही माणसं आत, काही बाहेर. लग्न होऊन आलेल्या बायांचे तर फार हाल झाले. माहेरच्या बापाशी नातं कागदानं सिद्ध करायचं कसं?

आता आपल्या पेट्या उघडून पाहा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, जुनं दप्तर उर्दूत. आजोबाचं नाव शाळेत रामा, मतदार यादीत रामजी, आधारवर रामराव. बाईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरंच. मी गिरणी कामगार आहे. नावात एका अक्षराचा फरक होता म्हणून माझ्या सोबत्याचा फंड कित्येक महिने अडला होता. फंडाचं ठीक आहे, पण देशच अडला तर?

म्हणून सांगतो. बाळ जन्मलं की २१ दिवसांच्या आत नोंद करा. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या लेकरांना शाळेपासून मतदार यादीपर्यंत हाच दाखला लागणार आहे. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे ध्यानात ठेवा. लेकीला सासरी पाठवताना भांड्यांसोबत तिच्या शाळेचा दाखलाही द्या.

शेवटचं एक. बेकायदा आलेल्याला परत पाठवायचा सरकारला अधिकार आहे, ते मी नाकारत नाही. पण आधी चौकशी करा, त्याचं म्हणणं ऐका. १० ऑगस्ट १९४९ ला बाबासाहेबांनी संविधान सभेत नागरिकत्वाचं कलम मांडलं, तेव्हा दुसरं एक कलम सोडलं तर या कलमाइतकी डोकेदुखी मसुदा समितीला कुठल्याच कलमानं दिली नाही, असं ते म्हणाले होते. आणि जीविताचं नि स्वातंत्र्याचं रक्षण करणाऱ्या २१ व्या कलमात शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. परका माणूसही त्यात येतो. म्हणून शेजारच्या झोपडीतलं कुणी रात्री उचललं गेलं, तर टाळ्या पिटू नका. उद्या कुठल्यातरी शहरात ती झोपडी आपल्या पोराची असेल.

दर पौर्णिमेला विहारात आपापले कागद घेऊन या. शिकलेल्या पोरांनी ते तपासून द्यावेत, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!