स्मृतिभ्रंश आणि महामारी

मनुष्याची स्मृति जशी त्याच्या मस्तकांत, तशीच त्याच्या दिनक्रमांतहि वसत असते. पहांटेचा चहा, देवदर्शन, पारावरची बैठक, सायंकाळचा हरिपाठ या क्रमावरून वृद्ध मनुष्य आपला दिवस ओळखतो. ज्याची स्मृति शाबूत आहे त्याला हा क्रम सोयीचा. ज्याची ढासळूं लागली आहे त्याला तो अंधाच्या काठीसारखा होय. सन २०२० मध्यें कोरोनाची महामारी आली आणि ही काठीच एकाएकीं हातांतून गेली.

राहाता तालुक्यापुरतें पाहिलें तरी हें ध्यानीं येतें. शिरडी याच तालुक्यांत आहे. १८९७ सालचा, प्लेगच्या दिवसांतला साथरोग कायदा राज्यांत १३ मार्च २०२० पासून लागू झाला. १७ मार्चला साईबाबांचें समाधिमंदिर दर्शनासाठीं बंद झालें आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. मंदिर उघडलें तें १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास. पुढील वर्षीं ५ एप्रिलला तें पुन्हां बंद झालें आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेस, उघडलें. हार-प्रसादाचीं दुकानें, खाणावळी व यात्रेकरूंच्या खोल्या यांवर ज्यांचा प्रपंच चालतो, त्यांची मिळकत त्या काळांत थांबली.

आतां ज्या घरांत स्मृतिभ्रंशानें पीडित असे आजोबा आहेत, त्या घराचा विचार करावा. साथीची बातमी त्यांना उमगत नाहीं; उमगली तरी घटकाभर टिकत नाहीं. सवयीनें ते चपला घालून दाराशीं येतात. सून अडविते, कारण समजावून सांगते. दहा मिनिटांनीं पुन्हां तोच प्रकार. आपल्याला घरच्यांनीं विनाकारण कोंडलें आहे, अशी त्यांची खात्री होते. मग संताप, संशय आणि रात्रीचें जागरण. मुखपट्टी लावून आलेला मुलगाहि परका वाटतो. आणि ज्याला स्नान घालावें लागतें, घास भरवावा लागतो, त्याच्यापासून सहा फूट दूर राहून सेवा व्हावी कशी?

या विकाराच्या रोग्याला साथीचा धोकाहि अधिक होता. इंग्लंड व वेल्स येथें मार्च ते जून २०२० या काळांत कोरोनानें मृत्यु पावलेल्यांपैकीं सुमारें चतुर्थांश लोकांना आधींपासून स्मृतिभ्रंश होता. अशा वृद्धांत कित्येकदां ताप-खोकल्याच्या आधीं एकाएकीं वाढलेला गोंधळ, सुस्ती किंवा अन्नाचा तिटकारा एवढेंच लक्षण दिसतें. रुग्णालयांत नेलें तर तेथें डॉक्टर आणि परिचारिका आपादमस्तक झांकलेल्या, ओळखीचें माणूस जवळ नाहीं, आणि प्राणवायूचा मुखवटा कशासाठीं हें कळत नसल्यानें रोगी तो ओढून काढतो.

आपल्या भाषेंत 'साठी बुद्धि नाठी' अशी म्हण आहे, 'म्हातारचळ' हा शब्द आहे. भारतांत साठ वर्षांवरील सुमारें ८८ लक्ष लोकांना हा विकार असावा, असा २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज आहे. एवढ्या मोठ्या आजाराला आपण चेष्टेचें नांव देऊन ठेवलें. म्हणून रोगी दिसला नाहीं, आणि त्याच्या उशाशीं बसलेली व्यक्ति तर मुळींच दिसली नाहीं. ही व्यक्ति बहुधा पत्नी किंवा सून असते. एरवीं आजोबा देवळांत गेले म्हणजे तिला तासभर विसांवा मिळे. कामाला येणारी बाई, शेजारीण, माहेरपणाला आलेली लेक यांचा हातभार लागे. टाळेबंदींत हें सर्व तुटलें. मिळकत थांबलेली, आपण आजारी पडलों तर यांचें कोण करील ही धास्ती, आणि रागाच्या भरांत एखादा कठोर शब्द निघून गेला कीं त्याचा पश्चात्ताप. साथीच्या रोजच्या आंकड्यांत तिच्या जागरणाचा रकाना नव्हता.

पुढील साथीपूर्वीं कांहीं गोष्टी करून ठेवतां येतील. दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम केंद्र सरकारनें २५ मार्च २०२० रोजींच प्रसिद्ध केले. त्यांचा लाभ या घरांना मिळाला पाहिजे. त्या वर्षीं 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेंत घरोघर पाहणी झाली. तशा पाहणींत घरांत स्मृतिभ्रंशाचा रोगी आहे काय आणि त्याची शुश्रूषा कोण करतें, हे दोन प्रश्न अवश्य असावेत. रुग्णालयांत अशा रोग्याजवळ घरचें एक माणूस, योग्य खबरदारी घेऊन, राहूं द्यावें. घरांत स्नान, जेवण व अंगणांतील फेरी यांच्या वेळा मोडूं नयेत. मुखपट्टी लावण्यापूर्वीं दुरून चेहरा दाखवावा, नांव सांगावें. रोग्याच्या आवडी, औषधें व हांक मारण्याचें नांव एका कागदावर लिहून ठेवावें.

आणि सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे घरांतील दुसऱ्या कोणीं तरी दररोज दोन तास रोग्याजवळ बसावें, व त्या वेळांत नित्य शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला निर्धास्त झोंप घेऊं द्यावी. यासाठीं साथ येण्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.