फाल्गुनातील निसर्गपाठ



फाल्गुनात पळस-पांगारा फुलला की मैना, बुलबुल व शिंजीर मधासाठी त्यांवर गर्दी करतात. निसर्गपाठास हा काळ फार सोयीचा. फुलपाखरे पाहावयाची तर मुलांना कोवळ्या उन्हात न्यावे. अंग तापेपर्यंत ती पंख पसरून स्वस्थ बसतात.

मात्र फुलाइतकेच अळीच्या अन्नाचे झाडही दाखवावे. नारिंगी पंखांचे, काळ्या कडांचे फुलपाखरू रुईवर अंडी घालते. काळे-पिवळे लिंबू व कढीलिंबावर. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या निळवंताच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातील झाडांवर वाढतात.

एके वर्षी शाळेच्या कढीलिंबावरील अळ्या मी ‘कीड’ म्हणून मुलांकडून वेचून मारविल्या. पुढे एका मुलाने विचारले, “गुरुजी, यंदा फुलपाखरे का नाहीत?” उत्तर ठाऊक असूनही मी गप्प राहिलो.

दुसऱ्या वर्षी मी चूक वर्गापुढे कबूल केली आणि एक फांदी राखली. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. वाढल्यावर हिरवी होते. मुलांनी अंड्यापासून कोशापर्यंत रोज नोंद ठेवली. कोश उकलला त्या दिवशी वर्गात कोणी बोलेना.

आपणही एक फांदी राखावी. फुलपाखरू चिमटीत धरू देऊ नये. पंखांवरील खवले झडतात. मुलाने विचारलेले नाव आपणांस ठाऊक नसेल, तर तसे सांगावे व त्याच्यासह पाहावे.