पाय न टेकतां

अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली कीं कुलाबा किल्ल्याकडे जाणारी वाट उघडी पडते. वाटेंतल्या ओल्या खडकांवर शहाणा माणूस धांवत नाहीं. आधीं दगड न्याहाळतो, मग त्यावर भार टाकतो.

मोटारसायकलच्या ‘ट्रायल्स’ या खेळाचें मर्म हेंच. स्कॉटलंडांत १९०९ सालीं आरंभलेली आणि पुढें सहा दिवसांची झालेली स्पर्धा या खेळांत फार मानाची. ओढ्यांतून, धोंड्यांवरून आंखलेल्या टप्प्यांत पाय एकदां टेकला तर दंडाचा १ गुण, दोनदां टेकला तर २, त्याहून अधिक वेळां टेकला तर ३. गाडी पडली तर ५. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो विजयी.

या गाडीवर बसून चालावयाचें नसतें. स्वार उभाच असतो. स्पर्धेपूर्वीं तो टप्पा पायीं फिरून पाहतो. रोजचा सराव मात्र नीरस: तोच धोंडा, तीच चूक, तेंच पडणें. गुडघे सोलवटतात, क्लचवरचें बोट आंखडतें.

रेवदंडा-मुरूडच्या वळणांवर सुटीच्या दिवशीं गाडी भरधांव सोडणाऱ्या तरुणाला वेग हेंच धैर्य वाटतें. त्याची किंमत कधीं कधीं घरच्यांना मोजावी लागते. ट्रायल्सचा स्वार दुसरें धैर्य शिकतो: जागच्या जागीं तोल राखण्याचें, आणि आज हा दगड साधत नाहीं असें मान्य करून मागें फिरण्याचें. किनाऱ्यावरच्या माणसाला हें नवें नाहीं. भरती चढण्याच्या आंत परतावें, हें त्याला लहानपणापासून ठाऊक असतें.