गर्डर उभाच का टाकायचा?

आज कोडिंग नाही, आज गर्डर. ऐकता ऐकता जवळ स्टीलची पट्टी असेल तर हातात घ्या.

आमच्या सणसवाडीत कंपन्यांमध्ये कामाला आलेल्या पोरांसाठी बऱ्याच जणांनी भाड्याच्या खोल्या काढल्यात. आमच्याही आहेत. गेल्या उन्हाळ्यात आप्पांनी ठरवलं, एका खोलीवर हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या बसवायच्या. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. म्हणजे झोपलेल्या भाडेकरूंच्या डोक्यावर दोन टन! त्यासाठी भंगारातून २०० एमएम उंचीचे दोन आय गर्डर आणले.

वेल्डर म्हणाला, "आडवे टाकू, उंची वाचेल." आप्पा म्हणाले, "लोखंड तेवढंच, वजन तेवढंच. आडवा काय अन् उभा काय?"

आता ती पट्टी दोन टोकांवर ठेवून मध्ये दाबा. आडवी लगेच वाकते. उभी धरून दाबा, हलत नाही. लोखंड तेच!

कारण सोपं आहे. ऊस गुडघ्यावर मोडताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. गर्डर लोडखाली वाकतो तेव्हा वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या भागावर हा ताण कमी असतो. म्हणून लोखंड वर-खाली जास्त ठेवतात, त्या पट्ट्यांना फ्लँज म्हणतात. मधला पातळ उभा भाग म्हणजे वेब. तो दोघांना एकमेकांपासून लांब धरतो. आयएसएमबी २०० गर्डर आडवा टाकला तर त्याची वाकण्याविरुद्धची ताकद साधारण सात पटीने घटते आणि तो पंधरा पट जास्त लवतो.

नगर रोडने जाताना नवीन बांधकाम चालू असलेली शेड बघा. बऱ्याच ठिकाणी खांब पायाशी निमुळता आणि छताला मिळतो तिथे रुंद दिसेल. तिथेच वाकवणारा जोर सगळ्यात जास्त येतो. लोखंड गरज असेल तिथेच घालायचं, एवढाच हिशोब.

आमच्याकडे पुढे अजून एक गंमत झाली. पाइपसाठी वेल्डर खालच्या फ्लँजला, तेही बरोबर मध्यावर, भोक पाडायला निघाला. ताण सगळ्यात जास्त असतो नेमका तिथेच! मी त्याला थांबवलं आणि सिव्हिलवाल्या मित्राला बोलावलं. त्याने गंज खरवडला, तर एका गर्डरचं भिंतीत बसणारं टोक खाऊन पातळ झालेलं. तो परत भंगारात गेला, नवीन आणला. दोन्ही उभे टाकले, बाजूला कलंडू नयेत म्हणून मध्ये आडवे अँगल जोडले आणि पाइप भिंतीकडून फिरवला.

आप्पा खर्चावरून दोन दिवस बोलले नाहीत. टाक्या भरल्या त्या संध्याकाळी मात्र स्वतः खाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते.

तुमच्या घरी असं काम निघालं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, मगच कटर चालवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!