सही करण्यापूर्वी
(येथील वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या भागातील बहुतेक जुन्या घरांत कागदपत्रांची एक ट्रंक असते. तिच्या तळाशी पणजोबांचे मोडीतील खरेदीखत, त्यावर बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असतानाचे मराठी उतारे आणि सर्वांत वर, १ नोव्हेंबर १९५६ नंतर साठत गेलेले कानडी कागद. जमीन तीच, घराणे तेच. कागदाची भाषा व कायदा मात्र बदलत गेला. या ट्रंकेविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत. सीमेचा प्रश्न ज्या न्यायासनापुढे असेल तेथे असो. तोपर्यंत आपल्या बहिणीचा वाटा व मुलाचे घर कागदाच्या एका चुकीने जाऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

एक कुटुंब डोळ्यांपुढे आणा. वडील बेळगावात राहतात. त्यांची थोडी जमीन खानापूर तालुक्यात आहे, आजोळकडून आलेली थोडी चंदगड तालुक्यात. मुलगा पुण्यास नोकरीला. मुलगी गोव्यात डिचोलीस दिलेली. या घरात काही विपरीत नाही. आपल्यापैकी कितीकांची घरे अशीच आहेत. परंतु हे एकच घर तीन राज्यांच्या कायद्यांखाली नांदते, याची जाणीव घरातल्यांना बहुधा मयतानंतर होते.

पहिली गोष्ट अशी की, जमिनीचा दस्त माणसाच्या मागे जात नाही. तो मातीच्या मागे जातो. १९०८ चा नोंदणी कायदा साऱ्या देशाला लागू आहे आणि त्याचा दंडक असा की, स्थावराचा दस्त ती मिळकत जेथे असेल तेथील अधिकाऱ्यापुढे नोंदवावा. केवळ चंदगडच्या जमिनीचा दस्त बेळगावच्या कचेरीत नोंदविता येत नाही, मग देणारा व घेणारा दोघेही बेळगावकर का असेनात. सही झाल्यापासून चार महिन्यांत तो हजर करावा लागतो. उताऱ्यांची नावेही निराळी. चंदगडला सातबारा व आठ-अ, खानापूरला पहाणी, गोव्यात नमुना एक व चौदा. नावे तीन असली तरी एक सत्य तिन्हींस लागू आहे. हे उतारे महसुलासाठी ठेवलेले असतात. त्यांवर नाव चढले म्हणून मालकी निर्माण होत नाही व उतरले म्हणून नष्टही होत नाही. ‘उताऱ्याला नाव आहे ना, मग झाले’ या समाधानात राहून अनेक कुटुंबे फसली आहेत.

दुसरी गोष्ट मुद्रांकाची. महाराष्ट्राचा मुद्रांक कायदा १९५८ चा, कर्नाटकाचा १९५७ चा. दर वेगळे, सवलती वेगळ्या आणि दोन्हीकडे वेळोवेळी बदलणाऱ्या. म्हणून शेजाऱ्याने गेल्या वर्षी किती भरले यावर विसंबू नये. एका राज्यात केलेला दस्त दुसऱ्या राज्यातील मिळकतीविषयी असेल, तर तो तेथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत तेथील दराप्रमाणे उरलेला फरक भरावा लागतो. न भरल्यास ऐन दाव्याच्या वेळी कागद अडकून पडतो व वर दंड बसतो. दोन राज्यांतील जमिनींसाठी दोन स्वतंत्र दस्त करणे हेच आम्हांस श्रेयस्कर वाटते. मुद्रांक कोठून घेतला हेही पाहावे. बनावट मुद्रांकांचा देशव्यापी कारखाना उभारणारा अब्दुल करीम तेलगी आपल्या खानापूरचाच, हे आपण विसरलेले नाही. त्याला २००१ मध्ये अटक झाली.

आता ज्या दस्ताने घरे जोडली जातात आणि मोडतातही, त्या हक्कसोडपत्राकडे वळू. कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे हक्क दिला. परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद पुसला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीच्या हक्कास बाध येत नाही. म्हणजे डिचोलीच्या लेकीचा खानापूरच्या शेतात भावाइतकाच वाटा आहे. तो तिला राखावयाचा की भावाला द्यावयाचा, हा सर्वस्वी तिचा प्रश्न. परंतु सोडावयाचा झाल्यास तलाठ्यापुढे दिलेला जबाब किंवा कोऱ्या कागदावरील अंगठा पुरेसा नाही. दस्त लेखी, मुद्रांकित व नोंदलेला हवा. जवळच्या नात्यात दोन्ही राज्यांत मुद्रांकाची सवलत आहे. मात्र जवळचे नातलग कोण, याची यादी दोन्हीकडे एकसारखी नाही.

येथे गोवा मध्ये येतो. पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा तेथे १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिली. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मिळकत सामाईक धरली जाते आणि एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला स्थावर विकता येत नाही. मुले असतील तर मृत्युपत्राने साधारणतः निम्म्याच मिळकतीची व्यवस्था करता येते. उरलेले निम्मे त्यांच्यासाठी राखीव. इतकेच नव्हे, तर गोव्याच्या अधिवासी माणसाची मिळकत भारतात कोठेही असली तरी तिचा वारसा याच कायद्याने ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. दस्त मातीच्या मागे जातो हे खरे. पण वारसा कधी कधी माणसाच्या मागे जातो! म्हणून लेक गोव्यात असेल, तर तिच्या सहीपूर्वी तेथील वकिलाचा सल्ला घ्यावा.

पुण्याच्या मुलास रजा मिळत नाही. त्याने सही केलेला दस्त नोंदणीस हजर करण्याचे काम तो मामावर सोपवू इच्छितो. अशा वेळी केवळ नोटरीचा शिक्का चालत नाही. मुलगा जेथे राहतो तेथील दुय्यम निबंधकापुढे मुखत्यारपत्रावर सही होऊन ते प्रमाणित व्हावे लागते. आणि वटमुखत्यारपत्र म्हणजे विक्री नव्हे. त्यावर पैसे मोजून जमीन घेतल्यास मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मृत्युपत्राचे त्या मानाने सोपे: त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते लाभ घेणाऱ्यांपैकी नसावेत हे बरे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जुन्या दस्तांच्या अखेरीस एक वाक्य असे: राजीखुषीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, वाचून समजून लिहून दिले. त्या वाक्यावर सारा दस्त उभा असतो. ज्या बाईला कानडी अक्षर येत नाही, तिने कानडी दस्तावर ‘वाचून समजून’ म्हणून सही केली, तर ते वाक्य खोटे ठरते. आणि त्याचे परिणाम ती एकटी भोगते. कायदा याबाबतीत आपण समजतो तितका कठोर नाही. नोंदणी कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते की, दस्ताची भाषा अधिकाऱ्यास समजत नसेल व ती जिल्ह्यात सामान्यतः वापरात नसेल, तरच तो नाकारावा. आणि तेव्हाही जिल्ह्यातील प्रचलित भाषेतील खरे भाषांतर व एक खरी नक्कल जोडल्यास तो घेतला पाहिजे. बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात नाही, असे कोण म्हणेल? आणि काही अडचण आलीच, तर गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकास दिला आहे. तो अर्ज लेखी द्यावा व पोच घ्यावी.

हे सर्व करूनही दस्त कानडीतच होणार असेल, तर कानडीचा राग कागदावर काढू नये. कानडी जाणणारा विश्वासू माणूस बरोबर न्यावा, मराठी तर्जुमा लिहून घ्यावा, गट क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा स्वतः पडताळाव्यात आणि मगच लेखणी उचलावी.

ट्रंकेतील आपले पूर्वज बहुधा फार शिकलेले नव्हते. तरी कागद दोनदा वाचून घेतल्याखेरीज त्यांनी अंगठा उठविला नसेल, असे आम्हांस वाटते. म्हणूनच ती जमीन आपल्यापर्यंत आली. आपण तर लिहितो, वाचतो. आज घरी गेल्यावर ती ट्रंक उघडा आणि मुलींनाही शेजारी बसवून तिच्यातील कागद एकदा मोठ्याने वाचा.