सायकलवरून कामावर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरसाल डॉक्टर, वकील, प्राध्यापक बोलतात. मी कारखान्यातला फिटर. जुन्या जालन्यातल्या माझ्या घरापासून औरंगाबाद रस्त्यावरचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचा, आमचा कारखाना आठ किलोमीटर होता. नोकरीतली एकवीस वर्षे ते अंतर मी सायकलने गेलो आणि आलो. कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, मला माहीत असलेला विषय हाच आहे, चालत असेल तर बोलतो. त्यांनी होकार दिला, तेव्हा आता आपणांस ऐकून घेणे भाग आहे.

आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी आपण औरंगाबाद जिल्ह्यात होतो. पण गावात कामधंदा जिल्हा होण्याआधीपासूनचा. सरकीच्या गिरण्या होत्या, लोखंडाच्या रोलिंग मिल उभ्या राहत होत्या, आणि बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको कंपनी काढल्यापासून बियाण्यांच्या धंद्याने जालन्याचे नाव देशभर केले होते. पुढे १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. या सगळ्या ठिकाणी माणसे पोहोचत कशी? सायकलने. सकाळी साडेसहाच्या सुमारास कुंडलिकेच्या पुलावर उभे राहिले तर हँडलला अडकवलेल्या डब्यांची रांग दिसे. बाया मात्र त्या रांगेत नसत. बियाणे निवडायला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या बाया रस्त्याच्या कडेने पायी चालत. मला पस्तीस-चाळीस मिनिटे लागत, त्यांना त्याच रस्त्याला दीड तासावर वेळ लागे. माझ्याइतकीच मजुरीची घाई त्यांनाही होती, आणि घरी जाऊन चूल पेटवायची ती निराळीच. हे मी आज मुद्दाम सांगतो आहे. पुढे त्याच्याकडे येणार आहे.

आधी रस्त्याविषयी. आमचा कारखाना गावाच्या पश्चिमेला. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जून ते सप्टेंबर कामावर जाताना वारा छातीवर आणि परतताना पाठीवर. थंडीत वारा उलटा फिरतो. सकाळी सुखात जावे आणि दमलेल्या अंगाने वाऱ्याशी झुंजत घरी यावे. या दोहोंत मला पावसाळाच बरा वाटे. समोरच्या वाऱ्यावर आमच्या टोळीने एक उपाय काढला होता. पाच-सहा जण एकामागे एक चालायचे. पुढचा वारा अंगावर घ्यायचा, मागच्यांना आडोसा मिळायचा, आणि दोन-तीन फर्लांगांनी पुढच्याने मागे यायचे. शर्यतीतले सायकलस्वारही असेच करतात हे पुढे टीव्हीवर पाहिले. आम्हांला ते वाऱ्यानेच शिकवले होते. १९८६ आणि १९८७ साली रमजान ऐन मे महिन्यात आला. फजरची नमाज आटोपून आम्ही दोघे-तिघे रोजेदार निघायचो, तर बाकीचे सोबती आम्हांला रांगेत पुढे येऊच देत नसत. ते सगळे हिंदू होते. तीनला पाळी सुटली की आम्ही लगेच निघत नसू. फाटकाजवळच्या लिंबाखाली पडून राहायचे आणि ऊन उतरल्यावर साडेपाचला टांग मारायची, म्हणजे इफ्तारीआधी घर गाठता येई.

डांबरी रस्त्यावर एवढे. खेड्यातून येणाऱ्यांचे हाल वेगळे. आपली माती काळी. चार थेंब पडले की ती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये भरते आणि चाक फिरेनासे होते. मग काडीने खरवडायची, पुन्हा दहा पावले, पुन्हा खरवडायची, आणि शेवटी सायकल खांद्यावर. सायकलीने माणसाला न्यायचे, तर इथे माणूसच सायकलीला नेतो! जाणते लोक पावसाळ्यापुरते मडगार्ड काढून ठेवत. पाठीवर चिखलाची रेघ उठे, पण चाक फिरे. उन्हाळ्यात बाभळीचे काटे. काटा लगेच उपटू नये, तसाच ठेवून दुकान गाठावे, हवा सावकाश जाते. हा शोध कोणी लावला माहीत नाही, पण त्याने माझी हजेरी अनेकदा वाचवली आहे.

हजेरीची गोष्ट थट्टेची नव्हे. दहा मिनिटे उशीर झाला की अर्धा दिवस कापला जाई, आणि महिन्यात तसे तीन वेळा झाले की घरात तेवढे धान्य कमी येई. म्हणून मी रोज रात्री जेवणानंतर सायकल पाहत असे. हवा, ब्रेकचे रबर, चेनचा ताण. दर रविवारी चेनला तेल. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, सगळे छर्रे काढून रॉकेलमध्ये धुवायचे आणि नवे ग्रीस भरायचे. चाकाचा आउट तेवढा मी घरी काढत नसे. ते काम उस्तादाचे. गावातल्या सायकल दुकानांत आपल्याच मोहल्ल्यांतले कारागीर पुष्कळ. चाक फिरवून, कानाजवळ धरून, कोणती तार ढिली आहे ते सांगणारे. त्यांच्या हाताखाली दहा-बारा वर्षांची पोरे शाळा सोडून बसत, ते मात्र मला कधी रुचले नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे आज कायद्याने गुन्हा आहे. शाळा सुटल्यावर बापाच्या दुकानात हात लावणे वेगळे. पालकांनी हा फरक ओळखावा.

विद्यार्थी मित्रहो, सायकल हे चालते-फिरते गणित आहे. आज घरी गेल्यावर पॅडलच्या चक्राचे दाते मोजा आणि मागच्या फ्रीव्हीलचे मोजा. समजा ४४ आणि १८ भरले. ४४ ला १८ ने भागले की साधारण २.४४ येतात, म्हणजे पॅडल एकदा फिरले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. मोठ्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर. गुणाकार केला की एका फेरीत ५.४ मीटरच्या आसपास अंतर पडते. माझ्या आठ किलोमीटरला सुमारे पंधराशे फेऱ्या. दोन्ही वेळच्या मिळून तीन हजार. एकवीस वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. रविवार आणि सणांच्या सुट्ट्या वजा करायला विसरू नका. आज माझे वय सत्तरीपुढे आहे. मला मधुमेह नाही याचे सगळे श्रेय सायकलीला देणार नाही, पण जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने आठवड्याला निदान दीडशे मिनिटे अंग हलवावे म्हणते, आणि माझी तेवढी भरती मंगळवारीच व्हायची.

आता मुलांच्या मोटारसायकलींविषयी. बाप अजून सायकलवर, आणि नववीतला मुलगा चुलत्याच्या मोटारसायकलवर तिघांना घेऊन. हे चित्र आपल्या मोहल्ल्यात रोज दिसते. बापाची सायकल त्याला मित्रांपुढे लाजिरवाणी वाटते. लाजेविषयी मी काही बोलत नाही, ती वयाने जाते. पण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तिच्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोखंडाचे ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या ज्या रस्त्यांवर चालतात त्या रस्त्यांवर कायद्याच्या आधी हाडेच मोडतात. सायकलवाल्यालाही हे लागू. मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे बत्ती नसेल तर अंधारात निघू नये. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, २०२२ च्या डिसेंबरपासून त्यावर गाड्या धावतात, पण तिथे दुचाकीला आणि सायकलीला मनाई आहे. आपला रस्ता जुनाच, तेव्हा त्यावर जपून.

आता त्या पायी चालणाऱ्या बायांकडे येतो. त्यांना सायकल का नव्हती? पैसा हे एक कारण, पण नवऱ्याला होती, भावाला होती. बाईने सायकलवर बसणे कोणाच्या डोक्यात नव्हते, एवढेच. तामिळनाडूत पुडुकोट्टाई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायांना सायकल शिकवली गेली. खेड्यापाड्यांतल्या हजारो बाया शिकल्या, त्यांत मुस्लिम बायाही होत्या. लेडीज सायकली बाजारात मिळेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. आरंभी लोक हसले, टोमणे मारले. बाया पाणी आणू लागल्या, भाजी बाजारात नेऊ लागल्या, मग हसणे थांबले.

बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली. सर्वांत जास्त फरक कोठे पडला, तर शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर होती त्या गावांत. भोकरदन, जाफराबाद, मंठा या भागांतल्या पालकांनी आपल्या गावापासून हायस्कूलचे अंतर आठवून पाहावे. सातवीनंतर मुलगी घरी का बसली, असे विचारले की उत्तर बहुधा एकच मिळते: शाळा लांब आहे. मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे हे खरे, पण २०२१ च्या नोव्हेंबरात एस.टी.चा संप सुरू झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या पाच महिन्यांत पास खिशातच राहिला. सायकल संपावर जात नाही.

आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळा पाच किलोमीटरच्या आत असल्यास सायकलीसाठी पैसे मिळतात. २०२२ पासून ही रक्कम पाच हजार आहे. आपल्या जिल्ह्यातले तालुके त्यात आहेत. मुलीच्या नावाचे बँक खाते लागते, आणि सायकल घेतल्याची पावती जपून ठेवावी लागते. चौकशी मुख्याध्यापकांकडे करावी. त्या पैशांची सायकल मुलासाठी घेऊ नये, हे बोलावे लागते म्हणून बोलतो.

कपड्यांचा प्रश्न आया हळूच विचारतात, तो उघडच घेऊ. मधला दांडा नसलेली सायकल घ्यावी. चेनला पूर्ण झाकण, मागच्या चाकाला जाळी. ओढणी मागे गाठ मारून बांधावी, लोंबती कधीच ठेवू नये. बुरखा असेल तर त्याचा घेर जाळीच्या आत जाणार नाही असा वर खोचावा. सीट इतकी असावी की बसल्यावर दोन्ही पायांच्या बोटांनी जमीन लागेल. तिघी-चौघींनी मिळून जावे, त्यांत एकीजवळ पंप असावा.

आणि पंक्चर मुलींना स्वतः काढता आले पाहिजे. बाहेर पटांगणात मी माझी सायकल, पाण्याचे घमेले, सोल्यूशनची नळी आणि चार जुन्या ट्यूबा आणून ठेवल्या आहेत. चहापाणी झाल्यावर तिकडे यावे. आधी मुली, मग मुले. बापांना जागा उरली तर तेही.